पाचारण फक्त पाळकालाच होतं का? कलाकार, हात आणि ख्रिस्ती विश्वास

मातीलाकूड (बडोदे) | 3 जुलै, रात्री 10:50

सर्वांना सलाम.

बऱ्याच दिवसांपासून मनात घोळणारा विषय मांडते आहे: देवाची हाक, म्हणजे पाचारण, फक्त पाळकाला (चर्चच्या धर्मगुरूला) होतं, की कलाकारालाही? लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी शिल्पकार आहे. इथल्याच फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्समध्ये शिल्पकला शिकले. आजोबा नगर जिल्ह्यातून प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, शेजारात गुजराती, उपासना कधी या भाषेत तर कधी त्या भाषेत. आजोबांच्या तीन पटाश्या अजून माझ्याकडे आहेत. पोलाद झिजून बोटभर उरलंय, पण धार अशी लागते की बाजारातली नवी पटाशी तिच्यापुढे बोथट वाटावी.

एकोणीस वर्षांची असताना तरुणांच्या एका शिबिराला गेले होते. शेवटच्या रात्री वक्त्यांनी सांगितलं, "ज्यांना देवाचं पाचारण झालंय असं वाटतं, त्यांनी उभं राहावं." सात-आठ जण उभे राहिले, मीही राहिले. ते एकेकाला विचारत आले. एकाला थिऑलॉजीला जायचं होतं, एकीला नर्स होऊन मिशनच्या दवाखान्यात काम करायचं होतं. माझ्यापाशी आल्यावर मी म्हटलं, "शिल्पकला." ते प्रेमानेच म्हणाले, "ती आवड झाली, बेटा. पाचारण सांग." मला उत्तर सुचेना. मी खाली बसले.

त्या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. पोटापुरतं काम मिळतं. अर्धपुतळे करते, बंगल्यांच्या फाटकांसाठी टेराकोटाचे फलक करते, शाळांमध्ये मातीकामाचे वर्ग घेते. पण "खाली बस" ही जी भावना तेव्हा मनात बसली ती काही उठत नव्हती. चर्चमध्ये मी शिल्पकार म्हणून कधी गेलेच नाही. नाताळला तारा बांधायला आणि गव्हाणीतल्या मेंढ्यांचे कान चिकटवायला मात्र हमखास हाक यायची.

या वर्षी आमच्या चर्चच्या मंडळीने प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीच्या, मेजाची पुढची फळी कोरायला सांगितली. पाच फूट लांब, दीड फूट उंच. लाकूड मी स्वतः शोधलं. जुन्या शहरात एक घर पाडलं होतं, तिथली वलसाडी सागाची तुळई वखारीत पडून होती. ती चिरून घेतली. नेहमीची खूण म्हणजे द्राक्षवेल आणि गव्हाच्या ओंब्या. द्राक्षवेल ठेवली. गव्हापाशी हात अडला. आमच्या घरात भाकर ज्वारीची. आजोबा प्रभूच्या प्रार्थनेत "आमची रोजची भाकर" म्हणायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे ज्वारीच असणार. म्हणून मी ज्वारीचं कणीस कोरलं.

ओंबी कोरायला सोपी, तिला रांगा असतात. कणीस भरगच्च असतं, दाण्यावर दाणा. एकेक दाणा गोल पटाशीने तीन बाजूंनी सोडवायचा, चौथ्या बाजूने तो लाकडाला धरून राहिला पाहिजे. रेषेच्या उलट गेलं की दाणा उडतो. एका संध्याकाळी लागोपाठ चार दाणे उडाले. पटाशी ठेवली आणि तशीच बसून राहिले. आणि तेव्हा कळलं की गेले तीन तास मी प्रार्थनेतच होते. तोंडाने एक शब्द काढला नव्हता. एरवी गुडघे टेकले की पाचव्या मिनिटाला मन गॅसच्या बिलावर जाणारी मी.

त्या रात्री बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा 31वा अध्याय काढला. बसालेल, उरीचा मुलगा, यहूदा वंशातला. देव मोशेला म्हणतो, मी याला नाव घेऊन बोलावलंय आणि माझ्या आत्म्याने परिपूर्ण केलंय. ते कशासाठी? सोनं, रुपं, पितळ यांचं काम करायला, रत्नं जडवायला, लाकूड कोरायला. बायबलात देवाच्या आत्म्याने भरलेला पहिला माणूस ना संदेष्टा आहे, ना याजक. तो कारागीर आहे, आणि लाकूड कोरतो!

मग त्या शिबिरात मी खाली का बसले? तुम्हाला काय वाटतं? तुमच्यापैकी कुणी गातं, लिहितं, रंगवतं, त्यांना हे पाचारण वाटतं का? आणि वाटत असेल तर ते ओळखलंत कसं?

---

ओवीवाचक (नाशिक) | 4 जुलै, सकाळी 7:15

ताई, फार जिव्हाळ्याचा विषय काढलात. मी ख्रिस्ती घरातला, आयुष्य मराठी शिकवण्यात गेलं, म्हणून आपल्या भाषेतल्या बाजूने लिहितो.

मराठीत हा प्रश्न नवा नाही. 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण हे काव्य गोव्यात छापलं गेलं. स्टीफन्स जन्माने इंग्रज, 1579 मध्ये गोव्यात आलेला, जेझुइट या कॅथलिक संघातला. धर्म शिकवायला प्रश्नोत्तरांची एखादी पुस्तिकाही पुरली असती. पण त्यांनी आपली ओवी उचलली आणि सुमारे 11 हजार ओव्या लिहिल्या. परक्या माणसाने दुसऱ्याच्या भाषेत इतकी वर्षं खपायचं, तिचा ठेका कानात मुरवून घ्यायचा, याला फावल्या वेळचा उद्योग कसं म्हणणार?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा. ते आधीच कवी होते. ख्रिस्ती झाल्यावर कविता मागे पडली नाही, उलट अभंग त्यांच्या हाती नव्याने आला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. उपासना संगीत हे आपलं गीतपुस्तक उघडा, त्यांची गीतं दर रविवारी आपल्या तोंडी असतात. मंडळीतल्या म्हाताऱ्यांना प्रवचनातलं एखादं वाक्य आठवत नसेल, पण टिळकांचं कडवं आठवतं.

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. अक्षरओळखच लग्नानंतर झाली. टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तायन हे काव्य अपुरं होतं. ते पुढे नेलं या बाईंनी. त्यांना कुठल्या शिबिरात कुणी उभं केलं होतं?

"पाचारण" या शब्दात मुळात हाक मारणं आहे. हाक मारणाऱ्याने ती मारलेली असते, मधल्या माणसाला ती ऐकू आली नाही एवढंच.

---

हिशेबवही (बडोदे) | 4 जुलै, दुपारी 1:30

ताई, राग मानू नका. मी एका मंडळीचा खजिनदार आहे, तुमच्या नव्हे. परवाच्या पावसात आमच्या भक्तिस्थानाचं छत तीन ठिकाणी गळलं. बादल्या ठेवून उपासना केली. दोन विधवा बहिणींना दर महिन्याला मदत जाते, ती या महिन्यात उशिरा गेली. अशा वेळी कुणी कोरीव फळीचा खर्च मांडला तर माझी सही होणार नाही. कला वाईट असं मी म्हणत नाही. पण आधी छत, मग गरीब, मग बाकीचं. हे मी कळकळीने लिहितोय.

---

मातीलाकूड | 4 जुलै, रात्री 11:05

हिशेबवही दादा, राग कसला? आमचंही छत गळतं. आमच्या पंचकमिटीतही हाच मुद्दा निघाला, आणि तो काढणाऱ्या काकांबद्दल मला आदरच आहे.

पण बेथानीच्या जेवणाची गोष्ट आठवा. मार्कच्या शुभवर्तमानाचा 14वा अध्याय. कुष्ठरोगी शिमोनाच्या घरी एक स्त्री येते, जटामांसीच्या तेलाची कुपी फोडते आणि प्रभूच्या मस्तकावर ओतते. तीनशे दिनारांहून जास्त किंमत, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. बसलेले लोक म्हणतात, ही नासाडी कशाला, विकून गरिबांना दिलं असतं. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. तरीही प्रभू म्हणतो, तिला त्रास देऊ नका, तिने माझ्यासाठी चांगलं केलं. आणि त्याच दमात हेही सांगतो की गरीब तुमच्याजवळ नेहमीच आहेत, पाहिजे तेव्हा त्यांचं भलं करता येतं. मी ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचते. कुपी फोडणारीला विधवेची मदत उशिरा पाठवायचा परवाना यातून मिळत नाही. आणि गरिबांचं नाव घेऊन कुपी हिसकावायचा अधिकारही कुणाला मिळत नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. चर्चमध्ये कलाकाराने नेहमी फुकट करावं असं धरून चालतात. इलेक्ट्रिशियनला मजुरी, मांडववाल्याला मजुरी, आणि भिंत रंगवणाऱ्या मुलाला "प्रभूची सेवा आहे ना". कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे हे लूकच्या 10व्या अध्यायात खुद्द प्रभूचं वाक्य आहे. मी या फळीचं काय घ्यायचं ते अजून ठरवलेलं नाही. पण ते मला ठरवू द्यावं.

---

जुना पाळक (सोलापूर) | 5 जुलै, पहाटे 5:40

प्रिय भगिनी, सलाम.

मी 31 वर्षं पाळकीय सेवा करून निवृत्त झालो. आपलं लिखाण दोनदा वाचलं. शिबिरातला तो प्रसंग वाचून अस्वस्थ झालो, कारण अशा शिबिरांत मीही प्रश्न विचारले आहेत. माझ्या एखाद्या शब्दाने कोण खाली बसलं असेल हे आता मला कळणं शक्य नाही. त्यांच्या वतीने नाही, पण माझ्या वतीने क्षमा मागतो.

आता शास्त्राबद्दल. एक लहानशी दुरुस्ती. ज्याच्या ठायी देवाचा आत्मा आहे असा माणूस, असं उत्पत्तीच्या 41व्या अध्यायात योसेफाबद्दल आधी आलं आहे. मात्र ते फारो बोलतो. देव स्वतःच्या मुखाने "मी याला आत्म्याने परिपूर्ण केले" असं प्रथम बसालेलाविषयी म्हणतो, हा आपला मुद्दा टिकतो. बसालेल या नावाचा अर्थ "देवाच्या सावलीत" असा आहे.

पण पान उलटा. 31व्या अध्यायात बसालेल आहे आणि 32व्यात लोकांनी पूजेसाठी करवून घेतलेलं सोन्याचं वासरू. तेच लोक, तेच मिसरातून (इजिप्तमधून) आणलेलं सोनं, आणि कोरणीने घडवणारा हात अहरोनाचा, म्हणजे याजकाचा! आत्म्याने भरलेला कारागीर आणि लोकांच्या दडपणाखाली घडवणारा याजक असे शेजारी शेजारी ठेवले आहेत. म्हणून मी प्रत्येक कलाकाराला हे दोन अध्याय एका बैठकीत वाचायला सांगतो.

दुसरी गोष्ट पितळेच्या सर्पाची. गणनाच्या 21व्या अध्यायात मोशेने तो देवाच्या आज्ञेवरून केला. त्याकडे पाहून सर्पदंश झालेले लोक वाचले. पुढे शेकडो वर्षांनी लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले आणि त्याला नहुश्तान म्हटलं, म्हणजे पितळेचा तुकडा. शास्त्र मोशेला दोष देत नाही आणि हिज्कीयालाही देत नाही. आपण घडवलेली वस्तू उद्या कुणी मोडली तर आपलं पाचारण खोटं ठरत नाही, एवढं मनाशी धरून काम करावं.

पाचारण ओळखायचं कसं, हे आपण विचारलंत. मंडळीची साक्ष हवी, हे मी आयुष्यभर शिकवलं आणि अजूनही मानतो. पण मंडळी चुकते. व्हिन्सेंट व्हॅन गॉग पाळकाचा मुलगा. बेल्जियममधल्या कोळसाखाणींच्या मुलखात धर्मोपदेशक म्हणून गेला. स्वतःचे कपडे वाटून टाकले, खाणकामगारांसारखा राहू लागला. त्याला नेमणाऱ्या मंडळाने 1879 मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. पुढच्याच वर्षी, 27व्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं. त्या मंडळावर असतो तर मी तरी काय केलं असतं, हा प्रश्न मला कधी सोडत नाही.

---

चिमूटभर (बडोदे, दांडिया बाजार) | 5 जुलै, दुपारी 4:20

मी ख्रिस्ती नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. गेली 40 वर्षं रांगोळी काढते. आमच्या बडोद्यात रांगोळीचं वेड फार. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबामुळे दर नाताळला त्यांच्या चर्चच्या अंगणात मी रांगोळी काढून देते. कपोत आणि तारा. पहिल्या वर्षी एक आजोबा काठी टेकत आले, मला वाटलं नको म्हणतील. ते म्हणाले, "लेकी, पाऊलवाट सोड, म्हातारी माणसं पुसतील तुझं काम." तेव्हापासून मधे वाट सोडते.

आमच्याकडे कला ही उपासनाच. गाणारा गाण्यातून देवाकडे जातो, मूर्तिकार मूर्तीतून. तुमच्याकडे मूर्ती पूजायची नाही म्हणतात, मग कोरणाऱ्या हाताने करायचं काय? हे टोचायला विचारत नाही, खरंच समजून घ्यायचंय.

आणि इथल्या कीर्तिमंदिरातली चित्रकार नंदलाल बोसांची भित्तिचित्रं पाहिली आहेत ना? 1939 ते 1946 या काळातली. मी लहानपणी आजीबरोबर जायचे. मीराबाईचं आयुष्य असलेल्या भिंतीपुढे आजी हात जोडायची. ती चित्राला हात जोडत होती की मीरेला, हे मला आजवर कळलेलं नाही.

---

वसईची लेक (बडोदे) | 5 जुलै, रात्री 9:30

चिमूटभर काकू, तुम्ही नंदलाल बोसांचं नाव घेतलंत आणि मी उडालेच, कारण मी त्यांच्या एका शिष्याबद्दलच लिहायला बसले होते.

अँजेलो द फोन्सेका, 1902चा जन्म, गोव्याचा कॅथलिक. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला. परत येऊन मारिया रंगवली ती साडीतली, आपल्या बायकांसारखी भुईवर बसलेली. गोव्यात लोक खवळले. देवाची आई युरोपातल्या बाईसारखीच दिसली पाहिजे असं शतकानुशतकं डोळ्यांना शिकवलेलं. तो गोवा सोडून पुण्याला, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आला आणि तिथे रंगवत राहिला. 1967 मध्ये गेला. आज त्याच गोव्यात, पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये, त्याची चित्रं जपून ठेवली आहेत. म्हणजे ज्या हाताने आपल्या बडोद्यात मीरा रंगवली, त्याच हाताखाली शिकलेल्याने साडीतली मारिया रंगवली. ताई, तुमचं ज्वारीचं कणीस याच वाटेवरचं आहे.

आम्हा कॅथलिकांकडे पोप दुसरे जॉन पॉल यांचं कलावंतांना लिहिलेलं पत्र आहे, 4 एप्रिल 1999चं, ईस्टरच्या दिवशीचं. ते स्वतः तरुणपणी नाटकं लिहायचे, रंगमंचावर उभे राहायचे. त्यांचा एक मुद्दा मला फार उपयोगी पडला. देव शून्यातून निर्माण करतो. कलाकार आधीपासून असलेल्या गोष्टीला रूप आणि अर्थ देतो. पुढे ते म्हणतात, सगळ्यांनाच विशेष अर्थाने कलाकार होण्याचं पाचारण नसतं, पण स्वतःच्या आयुष्याची एक सुंदर कृती करायचं काम प्रत्येकावर सोपवलेलं आहे.

मूर्तीच्या प्रश्नावर आमचं उत्तर 787 सालच्या निकियाच्या धर्मपरिषदेतलं आहे. प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, ती ज्याची आहे त्याच्यापर्यंत पोचतो. आणि आराधना फक्त देवाची. काकू, तुमच्या आजीचे हात बहुधा चित्र ओलांडून मीरेपर्यंत गेले असावेत. प्रोटेस्टंट मंडळींना हे सगळं पटणार नाही, ठाऊक आहे.

---

जुना पाळक | 6 जुलै, सकाळी 6:10

वसईची लेक, पूर्ण पटत नाही हे खरं. पण एक सांगतो. निर्गमाच्या 20व्या अध्यायात कोरीव मूर्ती करू नको ही आज्ञा आहे आणि त्याच पुस्तकाच्या 25व्या अध्यायात कराराच्या कोशाच्या (पवित्र पेटीच्या) झाकणावर सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय दूत, घडवायची आज्ञाही आहे. मनाई पाया पडण्याची आहे. घडवणाऱ्या हाताची नाही.

---

पिक्सेलवाला (बडोदे) | 6 जुलै

मी ग्राफिक डिझायनर, वय 24. दिवसभर फरसाणाच्या पाकिटांचं डिझाइन करतो. बाकरवडीचा फोटो कसा खुसखुशीत दिसेल यात माझा दिवस जातो. बसालेल, टिळक, फोन्सेका वाचून छान वाटलं, पण मग माझं काय? मला कुणी मेज कोरायला देणार नाही. चर्चसाठी फक्त कन्व्हेन्शनचं बॅनर करतो, तेही "जरा लवकर कर आणि पास्टरांचा फोटो मोठा घे" एवढ्या सूचनेवर. पाकिटातही पाचारण असतं का? खरंच विचारतोय.

---

ओवीवाचक | 6 जुलै, सकाळी 8:00

असतं, बाळा. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरने यावरच भांडण मांडलं होतं. त्याच्या आधी युरोपात पाचारण म्हणजे मठ किंवा याजकपण. तो म्हणाला, चांभार, आई, न्यायाधीश, ज्याने त्याने आपापल्या कामात शेजाऱ्याची सेवा केली की ते देवाचं पाचारण. करिंथकरांस पहिल्या पत्राचा 7वा अध्याय वाच.

आणि संगीतकार बाख. 1723 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1750 पर्यंत, लाइपझिगला चर्चच्या संगीताची जबाबदारी त्याच्यावर. सुरुवातीची काही वर्षं जवळजवळ दर रविवारी नवी रचना. मुलांना शिकवायचं, नकला करून घ्यायच्या, वरून नगरपरिषदेशी खटके. म्हणजे तुझ्यासारखीच डेडलाइन. हस्तलिखिताच्या सुरुवातीला तो "येशू, साहाय्य कर" अशा अर्थाची दोन अक्षरं लिहायचा आणि शेवटी "गौरव केवळ देवाला" अशा अर्थाची तीन. चर्चबाहेरच्या काही रचनांवरही ती आढळतात.

बॅनरच्या बाबतीत मात्र पास्टरांशी बोल. बॅनरवर काय दिसावं हे ठरवताना तुझं मत विचारलं गेलं पाहिजे.

---

शाईवाळली (पुणे) | 6 जुलै, दुपारी 3:45

मी कविता लिहायचे. आता नऊ वर्षं झाली, एक ओळ नाही. मुलं, सासूबाईंचं आजारपण, नोकरी. वही कपाटात आहे. हा धागा वाचताना आधी आनंद झाला आणि मग भीती वाटली. देवाने दिलेलं द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत आठवला. मी तीच आहे का?

---

वसईची लेक | 6 जुलै, रात्री 10:20

शाईवाळली ताई, नाही. त्या चाकराने धन्याच्या भीतीने पुरलं होतं. तुम्ही आजारी माणसाची उशी बदलत होतात.

जेरार्ड मॅनली हॉपकिन्सची गोष्ट सांगते. इंग्रज कवी. 1868 मध्ये जेझुइट व्हायला निघाला तेव्हा कविता आपल्या पाचारणाच्या आड येईल असं वाटून त्याने आपल्या कविता जाळल्या. सात वर्षं जवळजवळ गप्प. 1875च्या डिसेंबरात जर्मनीहून निघालेली एक बोट थेम्सच्या मुखाशी वादळात सापडली. तिच्यावर देशाबाहेर घालवलेल्या पाच फ्रान्सिस्कन नन्स होत्या, त्या बुडाल्या. त्याचे वरिष्ठ सहज म्हणाले, यावर कुणीतरी कविता करावी. तेवढं वाक्य पुरलं. जे लिहिलं ते इंग्रजीत पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं अशा ठेक्यात होतं. जेझुइटांच्याच मासिकाने ते छापलं नाही. तो 1889 मध्ये गेला आणि कवितासंग्रह आला 1918 मध्ये.

ती सात वर्षं वाया गेली असं मला वाटत नाही. तो ठेका त्या गप्पपणातच तयार होत होता. ताई, वही कपाटातून काढून नुसती टेबलावर ठेवा. लिहू नका हवं तर.

---

शाईवाळली | 6 जुलै, रात्री 11:50

ठेवली.

---

मातीलाकूड | 9 जुलै, रात्री 10:15

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. पाळकसाहेब, तुमच्या क्षमेच्या त्या ओळीपाशी मी खूप वेळ थांबले. तुमचा दोष नव्हता, तरी ती हवी होती हे वाचल्यावर कळलं.

31 आणि 32 एका बैठकीत वाचले. मग 35 ते 38ही वाचून काढले, आणि तिथे हाताला बरंच लागलं. देवाने बसालेलाच्या मनात शिकवण्याचीही बुद्धी घातली असं 35व्यात आहे. त्याच अध्यायात हातांनी सूत कातणाऱ्या बाया आहेत. 36व्यात लोक देवाच्या निवासमंडपाच्या कामासाठी इतकं आणून देतात की मोशेला पुकारा करावा लागतो, आता पुरे, आणू नका. हिशेबवही दादा, हे तुमच्यासाठी. आणि 38व्यात एक ओळ आहे. पितळेचं गंगाळ सेवा करणाऱ्या बायकांच्या आरशांचं केलं. त्या काळचे आरसे पितळेचे, घासून चकचकीत केलेले. कुणीतरी आपला आरसा दिला, तो वितळला आणि त्यात याजक हात धुऊ लागले. त्या बायकांना कारागीर म्हणायचं की देणाऱ्या? मला तर त्या दोन्ही वाटतात.

काकू, कोरणाऱ्या हाताने करायचं काय, याचं उत्तर मी माझ्यापुरतं देते. मी फळी कोरते ती कुणी तिच्या पाया पडावं म्हणून नाही. तिच्यावर भाकर आणि प्याला ठेवायचा आहे. ठेवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या डोळ्यांना दोन क्षण ज्वारीपाशी थांबता यावं, आपल्याच शेतातली, आपल्याच तव्यावरची भाकर या मेजावर आली आहे हे दिसावं, एवढंच मागते. तुमची रांगोळी लोकांना थबकवून मग आत सोडते, तसंच.

पंचकमिटीची बैठक मंगळवारी झाली. आधी छत, असं ठरलं, आणि मला ते मनापासून मान्य आहे. तसंही पावसाळ्यात फळी बसवणं चुकीचं ठरलं असतं. हवेतल्या ओलीने लाकूड फुगतं, आता सांधा घट्ट बसवला तर थंडीत फट पडते. म्हणजे ऑक्टोबर उजाडेल. लाकडाचे आणि चिराईचे पैसे मंडळी देणार. माझी मजुरी मी सांगितली, कमी करून नाही, आणि त्यांनी ती मान्य केली. त्यातलं किती परत द्यायचं ते माझं आणि प्रभूचं.

शनिवारी दुपारी संडे स्कूलची मुलं माझ्याकडे माती मळायला येणार आहेत. पिक्सेलवाला, तूही ये. माती मळायला डिझायनरचे हात चांगले.

एका गोष्टीवर अजून विचार चाललाय. तुळईत एक जुना खिळा होता. तो उपसल्यावर वेलीच्या डाव्या टोकाला बोट जाईल एवढं भोक राहिलं, भोवती गंजाचं काळं वर्तुळ. आधी लांबी भरून वर पान कोरायचं ठरवलं होतं. आता ते तसंच ठेवलंय. जवसाच्या तेलाचा एक हात देऊन पाहिला, वर्तुळ आणखी गडद झालं.

काकू, मेज बसवायच्या दिवशी अंगणातली रांगोळी तुमची. पांढरी दोन किलो मी आणून ठेवते, रंग तुम्ही आणा. आणि मधे वाट सोडा, आमच्याकडेही काठी टेकत येणारे बरेच आहेत.